परात

चोपड्याच्या खाली, तापीकाठच्या भोईवाड्यात
मी रेकॉर्डर ठेवला उखाजी भोयांच्या गुडघ्याजवळ
आणि डोहाची गोष्ट मागितली.
त्यांनी आधी जाळ्याचा एक फाटका डोळा शिवला.
मग म्हणाले, "कोन्ती? गावनी का आम्हनी?"

गावाची, म्हटलं, आधी.

गावाची अशी :
लग्न निघालं की आदल्या रात्री डोहावर जायचं,
सुपारी ठेवायची, भांड्यांचा आकडा मोठ्यानं सांगायचा.
पहाटे काठावर मांडलेली असायची
पितळी पातेली, हंडे, पळ्या, पराती,
ओली, अजून निथळणारी.
पंगत उठली की घासून परत.
मग एका घरानं एक परात ठेवून घेतली.
तेव्हापासून पाणी काही देत नाही.

ही मला ठाऊक होती.
धुळ्याला माझ्या फायलीत हिचे एकोणीस नमुने आहेत :
कुठल्या टाक्याचा, कुठल्या बारवेचा,
एक तर समुद्रापलीकडचा, तिथे टेकडी कढई उसनी देते.
सर म्हणतात, गोष्ट फिरते मिठाच्या गोणीवर बसून.
मला वाटायचं, जिथे भांडी कमी आणि पंगत मोठी
तिथे ती आपसूक उगवत असेल, बांधावरच्या तांदुळजासारखी.
एका जाड पुस्तकात होतं : डोह म्हणजे आभाळ,
परात म्हणजे चंद्र, आणि चोर म्हणजे अमावस्या.
त्या पुस्तकवाल्याला इथे आणून बसवावं,
एप्रिलात, पत्र्याखाली, शेहेचाळीस अंशांत.

आतून सून बोलली, कासाबाई,
कळण्याची भाकर थापता थापता :
"पोरं डोहमा जावाले नको म्हनीसन सांगतस. दुसरं काय?"
मी लिहिलं, धाक.
पण धाकाला पाय ओढणारी कुणी पुरली असती.
भांडी उसनी देणारी कशाला हवी होती?

"ते घर कोन्हं व्हतं," उखाजी म्हणाले,
"गावमा तुले कोनी सांगाव नही.
आम्हनं."

परातचोर.
शाळेत मास्तरही म्हणायचे, हसत हसत.
पंगतीत यांच्या पत्रावळी टोकाला,
गावच्या भांड्यांना यांचा हात नको.
मासळीचा भाव पाडायचा असला
की कुणीतरी ती परात हळूच काढायचंच.
सात पिढ्यांची चोरी, आणि साक्षीला नुसती गोष्ट.

"आम्हनी गोष्टमा चोर नही."

त्यांच्या गोष्टीत
डोहातल्या सातजणींतली धाकटी एका रात्री दारात आली,
केसांतून शेवाळ गळत होतं.
म्हणाली, बारा गावांना भांडी पुरवते,
मला कुणी जेव म्हणत नाही.
पणजीच्याही पणजीनं तिला भाकर दिली, भाजलेली मरळ दिली.
घरात ताट नव्हतं.
म्हणून ती स्वतःच्याच परातीत जेवली
आणि घाईत ती तशीच टाकून गेली.
यांनी घासून ठेवली. न्यायला येईल म्हणून.

मी सवयीनं लिहिलं : पाठभेद, क्रमांक वीस.
मग पेन थांबलं.
एकोणीस ठिकाणी मी चोराचं घर विचारलंच नव्हतं.

"आहे ती परात?"
संशोधकानं असं विचारायचं नसतं.
कासाबाई हसली, पिठाचे हात वर धरून,
आणि समोर पाहिलं : जर्मनची, काठाला चेपलेली,
तळाशी चोपड्याच्या दुकानाचं नाव
आणि तिच्या लग्नाची तारीख.
"ती वनी तं हाई देसूत."

बॅरेज झाल्यापासून डोह कुठे सुरू होतो ते कळत नाही.
सगळंच पाणी, सपाट, केळीच्या बागांपर्यंत.

धुळ्याला परत येऊन टेप ऐकली.
गोष्ट संपल्यानंतर अकरा मिनिटं नुसतं थापणं,
एकदा तव्याचा आवाज,
एकदा माझा खोकला.
मग बाहेरून कुणाची तरी हाक, खेळकर, रोजची :
"ओ परातचोर, चाल, बरफनी गाडी वनी!"
आणि उखाजींचं, उठता उठता,
"वनू रे."